दहावा माणूस

मांजलपूर, बडोदे
११ मार्च २००२

चि. हस्केल यास,

शालोम आणि ताईचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हात थांबला असेल तर थांबू दे, पण फाडू नकोस. तू देश सोडून अश्दोदला गेल्यापासून आपण एकमेकांना सणासुदीची कार्डं तेवढी पाठवली. आज कार्डावर मावणार नाही. आणि फोन म्हणशील, तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंककॉल जोडण्यात माझा उभा जन्म गेला. फोनवर मनातलं बोलायला माझी जीभ रेटत नाही. मधे कुणीतरी ऐकत बसलंय असं वाटतं, कारण मी बसायचे.

बिन्नीला स्कूटरचा अपघात झाला. गोरव्याहून कारखान्यातून परत येत होता. दोन बरगड्या मोडल्या आणि डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. गावात सध्या गडबड आहे, ती तू टीव्हीवर पाहिली असशील. तुझ्याकडेही बसमध्ये बॉम्ब फुटतात असं दाखवतात, तेव्हा तू मला काळजी करू नको म्हणायचं कारण नाही.

खरं काम वेगळंच. सूनबाईला, म्हणजे एस्तेरला, सातवा सरत आलाय. मे महिन्यात मोकळी होईल. मुलगा झाला तर आठव्या दिवशी त्याची मिला तुझ्या हातून व्हावी अशी माझी इच्छा आहे. बाबांची सुरी तुझ्याकडे आहे. बिन्नीची सुंता तूच केलीस, मोहेल म्हणून तुझा तो पहिलाच हात होता आणि बाळापेक्षा तूच जास्त घामाघूम झाला होतास. आता त्याच्या मुलाची कर.

भांडण मी विसरले नाही, तूही नसशील. जाताना बाबांच्या तोंडावर म्हणालास की ज्या गावात प्रार्थनेला दहा पुरुष जमवायला दारोदार फिरावं लागतं, त्या गावात देव कसला राहतो. तू गेलास आणि आमच्या अकराचे दहा उरले. पुढच्या वर्षी बाबा गेले तेव्हा त्यांच्यामागं कद्दिशची प्रार्थना म्हणायला नऊच माणसं उभी होती, मग म्हटलंच नाही कुणी. ज्या माणसानं बडोद्यात प्रार्थना सांगणारा हजान म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांसाठी म्हटलं, त्याच्यासाठी नाही. ते मी तुला अजून माफ केलेलं नाही. पण तरी ये.

तुझी,
सिगुलाताई

२९ मार्च २००२

चि. हस्केल,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. अपघात वगैरे काही नव्हता.

गावात जाळपोळ सुरू झाली त्या दिवशी कारखाना लवकर सोडला. बिन्नीच्या मागे युनूस बसला होता. युनूस त्याच्याच खात्यात, शेजारच्या लेथवर. दोघं एका डब्यात जेवायचे, म्हणजे माझ्या. आपल्या घरचं त्याला चालायचं आणि तो यायचा म्हणून मी पुरणाच्या करंज्या जास्त घालायचे. बिन्नी म्हणाला, तुला घरी सोडून मग मी जातो.

टोळक्यानं स्कूटर अडवली. नाव विचारलं. युनूस गप्प राहिला. बिन्नीनं बेंजामिन सांगितलं. ख्रिस्ती का, तर नाही. मग कोण, तर यहूदी. ते काय असतं हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि समजावून सांगायची ती जागाही नव्हती. दोघांना भिंतीशी उभं करून विजारी उतरवल्या. हस्केल, तुझ्या हातची ती खूण. देवाशी केलेल्या कराराची खूण म्हणून तू घाम पुसत पुसत केलेली. त्यांना दोन्ही सारख्याच दिसल्या.

मग लोखंडी पाइप. पहिला फटका डोळ्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. डोळा गेला. पट्टी आहे असं मी लिहिलं, पण पट्टीखाली काही नाही. मी घरातून आमच्या शेजारच्या संपतरावांना त्याला बघायला पिटाळलं होतं, म्हणून तो जगला. संपतराव म्हणजे जुन्या दरबारी घराण्यातले, अजून मिशीला पीळ देतात. त्यांनी गर्दीत घुसून बिन्नीला मिठी मारली आणि ओरडले, "आ तो अमारो मराठी छे, मारी सोसायटीनो छोकरो." कुणीतरी म्हणालं, मराठी असेल तर बोलून दाखव. बिन्नीनं काहीतरी बोलून दाखवलं. सोडलं.

युनूसला सोडलं नाही. त्याला तिथेच संपवला आणि मग जाळला. त्याचा वास बिन्नीच्या शर्टाला होता, मी तो शर्ट धुतला नाही, पुरून टाकला.

आता परवाच्या पेसाखच्या सणाचं सांगते. तुला आठवतं ना, बाबा दरवर्षी बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवायचे आणि तो कागद दारावर लावायचे. मिसरातल्या त्या रात्री रक्त बघून संहार आपल्या दारावरून पुढे गेला, त्याची आठवण. यंदा संचारबंदीत बकरा कुठला? इलोजीकाकांनी कोंबडी कापली, तिच्या रक्तात मी माझा हात बुडवला आणि पंजा लावला.

बिन्नीनं तो पाहिला आणि ओरबाडून काढला. कागद, चिकटपट्टी, दाराचा रंगसुद्धा. मी म्हटलं, अरे, याच्यामुळे संहार टळतो. तर म्हणतो, "टळतो म्हणजे कुठे जातो, आई? तो शेजारच्या दारात जातो. मी बघितलाय त्याला जाताना." मग तो कागद त्यानं माझ्या तोंडासमोर धरून फाडला आणि माझ्या अंगावर टाकला. हात उचलला होता त्यानं, हस्केल. माझ्यावर उचलला आणि भिंतीवर मारला. एस्तेर पोट धरून स्वयंपाकघरात पळाली.

त्याच तिरीमिरीत म्हणाला, मुलगा झाला तर त्याला सुरी लावायची नाही. कुणी घरात सुरी घेऊन आलं तर तीच सुरी मी त्याच्यावर चालवीन. देव करो आणि मुलगी होवो, असंही म्हणाला.

भ्यायलाय, दुसरं काय. मी त्याला दोष देत नाही. पण अब्राहामापासून चालत आलेलं माझ्या घरात थांबणार असेल तर मी कुणाला तोंड दाखवू? तू ये. तुझं तो ऐकतो.

सिगुलाताई

२४ एप्रिल २००२

हस्केल,

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद लिहिलेला नाही, कारण आज आतून येत नाही.

तू लिहितोस, सगळं विकून इकडे या, इथे मुलाची सुंता इस्पितळात सरकारी खर्चानं होते. लिहितोस, त्या गावाचं नाव टाका. इथवर ठीक. भावानं बहिणीला असं लिहावं. पण त्याच्या खालची ओळ? "तो युनूस मेला त्याचं एवढं काय, एक मुसलमान कमी झाला." बाबांच्या हाताला धरून अक्षर शिकलास तू, त्याच अक्षरात लिहिलीस ही ओळ.

मी मूर्ख, पत्र मोठ्यानं वाचत होते. तू लिहिलेलं बिन्नीनं ऐकावं, म्हणजे त्याचं मन वळेल, हा माझा बेत. त्या ओळीपर्यंत आले आणि थांबता आलं नाही. बिन्नीनं समोरचं ताट उचलून फेकलं. ते संपतरावांच्या विजयमालावहिनींना जिन्यात ऐकू गेलं, त्या धावत आल्या. फुटक्या काचेच्या वाटीचे तुकडे मुठीत धरून बिन्नी उभा, आणि मुठीतून रक्त गळत होतं. एस्तेर म्हणते टाका, तो टाकत नाही. विजयमालावहिनींनी एकेक बोट उघडून ते काढले.

मग त्यानं सांगितलं. सगळ्यांसमोर, उभ्यानंच.

त्या दिवशी संपतरावांनी त्याला मिठीत घेतलं, मराठी बोलून दाखवून झालं, आणि मग टोळक्यातल्या एकानं युनूसकडे पाइप दाखवून विचारलं, "अने आ? आ तारो कोण?" युनूस तोवर गुडघ्यावर होता, पण शुद्धीवर होता. बिन्नीकडे बघत होता. संपतराव युनूसला ओळखत नव्हते. ओळखत होता तो फक्त बिन्नी.

बिन्नी म्हणाला, "नथी ओळखतो."

"त्यानं ते ऐकलं, आई. ऐकून मान खाली घातली. मला वाटलं, मी हो म्हटलं असतं तर वाचला असता. कदाचित दोघं मेलो असतो. पण ते मला कळायला मी म्हणायला तर हवं होतं." असं म्हणाला आणि मग मुलासारखा रडला. एका डोळ्यानं रडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणजे तो भ्यायलाच नव्हता. मी त्याची आई, आणि मला एवढं कळलं नाही. मुलाला खूण नको म्हणतो ती यासाठी, की त्याच खुणेचा माणूस त्यानं नाकारला, आता कुठल्या तोंडानं ती आपल्या मुलाच्या अंगावर करायची.

रात्रंदिवस मी देवाशी भांडले. तू तिथे हवं तेव्हा त्याच्या जुन्या मंदिराच्या भिंतीपर्यंत जाऊ शकतोस, तू भांडणार नाहीस. आम्हाला इथे तेवढंच आहे. मी त्याला म्हटलं, तुझा शब्बाथ मी एकदाही मोडला नाही, एक्स्चेंजमध्ये शनिवारची पाळी टाळण्यासाठी दिवाळीच्या आणि नाताळाच्या पाळ्या अंगावर घेतल्या. मांस आणि दूध एका पातेल्यात कधी आलं नाही. दारावरच्या मझुझाला हात लावल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. तू कसा आहेस हे कळावं म्हणूनच ना हे सगळं? बाबा म्हणायचे, आधी करा, करता करता तो कळेल. एवढं करून मला कळलास तो असा, पाइप घेऊन पुढच्या दारात जाणारा?

  पण भांडता भांडता बाबांनी सांगितलेलं एक आठवलं. दारफळणीच्या, प्रायश्चित्ताच्या उपासाला सांगायचे, की देवाचा अपराध केला तर देव माफ करतो, पण माणसाचा केला तर त्या माणसाकडेच जावं लागतं, देव त्यात पडत नाही. आणि तो माणूस मेला असेल, तर दहा पुरुष घेऊन त्याच्या कबरीशी जायचं आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं कबूल करायचं. लहानपणी वाटायचं, हा कसला कायदा, मेलेल्याला काय ऐकू येतंय. आता कळतं की कायदा जिवंत माणसासाठी आहे. हे मला बिन्नीचं ऐकण्याआधी कळलं असतं का, तर नाही.

बिन्नीला सांगितलं. तो म्हणाला, "नऊच आहेत." मी म्हटलं, दहावा मी आणते.

तेव्हा आता तुला मुलाच्या सुंतेसाठी बोलावत नाही. त्याच्या आधीच्या कामासाठी बोलावते. युनूसच्या कबरीशी दहावा म्हणून उभा राहा. पाच मे, रविवार. पत्र वेळेवर पोचणार नाही म्हणून नको तो फोनही केला. तुझी बायको म्हणाली, घरी नाहीत. मागे तू खोकलास. माझा कान एक्स्चेंजचा आहे, हस्केल.

सिगुला

६ मे २००२

हस्केल,

तू आला नाहीस. काल झालं ते तरी ऐक.

नवांना जमवायला मी घरोघर गेले. एकानं विचारलं, मुसलमानांच्या कब्रस्तानात, या दिवसांत? मी म्हटलं, मग कोणत्या दिवसांत? इलोजीकाका तर म्हणाले, "सिगुला, असा कायदा मी ऐकलाय, कुणी करताना बघितला नाही." पण आले. डोक्यावर किप्पा घालून नऊजण दोन रिक्षांतून निघाले, रस्त्यात पोलिसांनी दोनदा उतरवलं. दहावा म्हणून अहमदाबादहून एकजण येणार होता, त्याला तिथल्या संचारबंदीनं अडवलं.

आम्हा बायकांना मोजत नाहीत, हे तुला माहीतच आहे. जन्मभर सगळं मी करायचं आणि मोजायची वेळ आली की मी नाही. त्यावर कधीतरी देवाशी वेगळं बोलेन. मी फाटकाबाहेर उभी राहिले. भिंत छातीएवढी आहे, सगळं दिसतं.

युनूसची कबर नवी म्हणून लगेच ओळखता आली. बिन्नी समोर उभा राहिला, बाकीचे मागे. पण दहावा नव्हता. एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला. युनूसचे वडील, इब्राहिमभाई. रोज येतात म्हणे. एवढे अनोळखी पुरुष पोराच्या कबरीपाशी बघून त्यांनी काठी उगारली. बिन्नीनं अंग चोरलं नाही. म्हातारा पट्टीकडे बघत राहिला, मग विचारलं, "कौन हो? किसकी राह देख रहे हो?"

बिन्नी म्हणाला, "एक आदमी कम है, चाचा. दस चाहिए."

"काहे के लिए?"

"गवाही के लिए."

इब्राहिमभाईंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मग आले आणि इलोजीकाकांच्या शेजारी रांगेत उभे राहिले. म्हणाले, "हो गए. बोल."

बिन्नीनं सांगितलं. श्माची प्रार्थना म्हणून आधी आपल्या मराठीत, मग हिंदीत, म्हाताऱ्याला कळावं म्हणून. देवाचा अपराध केला आणि या माणसाचा केला. हा माझा मित्र होता. एका डब्यात जेवलो. मला विचारलं आणि मी म्हणालो, ओळखत नाही. मी ओळखत होतो.

बोलून संपेपर्यंत इब्राहिमभाई हलले नाहीत. संपलं तशी त्यांची काठी बिन्नीच्या खांद्यावर बसली. मग पाठीवर, मग मोडलेल्या बरगड्यांवर. बिन्नी कबरीशेजारी मातीत पडला. आमचे पुरुष पुढे धावले तर तो पडल्या पडल्या ओरडला, "कोणी हात लावू नका." म्हातारा मारत राहिला, शिव्या देत राहिला, मुलाचं नाव घेत राहिला. मी भिंतीवरून बघत होते. पोटचा पोर माझा, आणि मी त्या काठीला थांब म्हटलं नाही. हे तुला कळणार नाही, मलाही पूर्ण कळलेलं नाही.

काठी मोडली तेव्हा थांबले. तिथेच मातीत बसले. बिन्नी सरपटत त्यांच्यापाशी गेला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असल्या गोष्टींत लोक शेवटी माफ करतात. ते एवढंच म्हणाले, "कल से मत आना." आणि उठायला त्याचाच खांदा धरला.

घरी आल्यावर बिन्नीनं दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. एस्तेर त्याची पाठ शेकत होती आणि तो वरणभात मागून मागून घेत होता.

तू कायदा जाणतोस. दहावा यहूदी नव्हता, तेव्हा ते ग्राह्य की नाही, हे तू सांगू शकशील. सांगू नकोस.

सिगुला

२४ मे २००२

चि. हस्केल यास,

अनेक आशीर्वाद. आज लिहिता आले.

मुलगा झाला. दाईनं सांगितलं तेव्हा मी बिन्नीकडे बघितलंच नाही, भिंतीकडे बघत राहिले. मी एक शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. सुरीचं नाव माझ्या तोंडून गेलं तर ती माझी होईल, त्याची राहणार नाही. एस्तेरनंही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेला आणि अहमदाबादच्या मोहेलना बोलावून आला.

मला फक्त एवढं म्हणाला, "आई, खूण खोटं बोलली नव्हती. मी बोललो."

परवा झालं. घरात नऊ पुरुष, आणि मोहेल दहावे. एलियाहू नबीची खुर्ची मी खिडकीशी मांडली, पांढरं कापड घातलं. संपतराव आणि विजयमालावहिनी दारात उभे होते. मोहेलनी सुरी काढली तेव्हा बिन्नीनं मांडीवरचं बाळ उशीसकट छातीशी ओढून घेतलं. मोहेल थांबले, म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर देऊ या. बिन्नी म्हणाला, नको. बाळ परत मांडीवर ठेवलं आणि दातावर दात धरून बसला.

कापलं. पोर किंचाळलं. रक्त आलं. या तीन महिन्यांत मी एवढं रक्त बघितलं, हस्केल, की मला वाटलं होतं आता एक थेंबही बघवणार नाही. पण हे रक्त घेऊन कुणी कुणाच्या दारात जाणार नव्हतं, ते पुसायला माझ्या हातात ओला कापूस होता. देव कसा आहे हे मला अजून सांगता येत नाही. तो त्या दिवशी पाइपाच्या बाजूला नव्हता आणि आमच्याही बाजूला नव्हता, एवढंच म्हणेन. तो मातीत गुडघ्यावर असावा. बाकी करता करता कळेल.

मोहेलनी विचारलं, नाव काय. आमचं ठरलं होतं बाबांचं नाव ठेवायचं. एस्तेरनं बिन्नीकडे बघितलं. बिन्नी म्हणाला, "योना."

जमलेल्या सगळ्यांना माहीत आहे की आपला योना तोच त्यांचा युनूस.  इलोजीकाकांनी डोळ्यांवर हात ठेवला. मग मोहेलनी मोठ्यानं म्हटलं, योना, बिन्यामीनचा मुलगा, आणि पोर रडायचं थांबलं नाही, आणखी जोरानं रडलं.

संध्याकाळी बिन्नी मलिदा घेऊन इब्राहिमभाईंच्या घरी गेला. पोहे, गूळ, नारळ आणि फळं, एलियाहू नबीच्या नावानं केलेला. नाव सांगितलं. त्यांनी ताटली आत घेतली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी ताटली आमच्या दाराशी होती, घासलेली.

बाबांची सुरी तुझ्याकडेच राहू दे. आता मागणार नाही. तुला तिकडे दहा माणसं रस्त्यावर हाक मारली तरी मिळतात, चांगलं आहे. इथे बिन्नी धरून नऊ आहेत, आणि इलोजीकाकांचं काही खरं नाही. पण योना तेरा वर्षांचा झाला की मोजण्यात येईल. तोवर मी काही मरत नाही. त्या दिवशी पहिलं कद्दिश बाबांसाठी म्हणायचं, त्याला म्हणायला लावणार आहे.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली, आटोपते. खोकल्याला ज्येष्ठमध घे.

तुझी,
सिगुलाताई